चामड्यासाठी वापरलेले औद्योगिक शिलाई मशीन घेताना काय तपासायचे

प्रश्न असा आहे: बॅगा, पाकिटे आणि अधूनमधून कमरेचे पट्टे शिवायचे आहेत. एक वापरलेले फ्लॅटबेड वॉकिंग फूट मशीन विकायला निघाले आहे, विकणारा ‘एकदम चालू आहे’ म्हणतो, आणि समोर उभे राहिल्यावर नेमके काय बघायचे ते कळत नाही.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. टाके सुटणे, दोरा तुटणे, खाली गुंता होणे, चाक जड फिरणे हे जुन्या मशीनचे दोष लगेच नजरेत भरतात, पण बहुतेक वेळा ते तासा-दोन तासांच्या कामात निघतात. मशीनचे खरे आयुष्य संपवणारे दोष गप्प असतात. सुईच्या दांड्याचा झिजलेला बुश (दांडा ज्यातून सरकतो ती नळी), हुकच्या (खाली फिरत सुईचा दोरा पकडणाऱ्या आकड्याच्या) शाफ्टचा खेळ, म्हणजे सैलपणा, ओतीव बॉडीला गेलेला बारीक तडा, यातले काहीही विकणाऱ्याने मारून दाखवलेल्या एका सरळ टिपेत दिसत नाही. म्हणून छान टीप पाहून भाळू नका आणि टाके सुटलेले पाहून लगेच पाठही फिरवू नका.

मशीन तुमच्या कामाचे आहे का

‘वॉकिंग फूट’ हा शब्द सरसकट वापरला जातो आणि त्यात दोन वेगळ्या जाती मिसळतात. चामड्याला हवी ती जात म्हणजे कंपाउंड फीड: खालचे दाते, आतला फूट आणि माल टोचून खाली गेलेली सुई, तिघे मिळून माल मागे नेतात, ते परत येईपर्यंत बाहेरचा फूट माल दाबून धरतो. दुसऱ्या जातीत फक्त फूट आणि दाते चालतात, सुई जागेवरच वरखाली होते. अशा मशीनवर चार थर चढले की वरचा थर सरकतो.

ओळखायला अर्धे मिनिट पुरते. टाक्याची लांबी सगळ्यात मोठी ठेवा, फुटाखाली जाड पुठ्ठा घ्या आणि हाताने चाक फिरवा. सुई पुठ्ठ्यात शिरल्यावर पुठ्ठ्यासकट मागे सरकली तर ते कंपाउंड फीड आहे. सरळ वर आली तर नाही, मग पाटीवर काहीही लिहिलेले असो.

नुसत्या खालच्या दात्यांचे साधे टेलरिंग मशीन मऊ, एक मिलिमीटरपर्यंतच्या कपड्याच्या चामड्याला टेफ्लॉन किंवा रोलर फूट लावून चालते. बॅगेच्या कामाला ते घेऊ नका. आणि ‘औद्योगिक ताकदीचे’ म्हणून विकली जाणारी जुनी घरगुती मशीन ही घरगुतीच असतात. त्यांच्या लोखंडी बॉडीचे कौतुक ठीक आहे, पण टेन्शनच्या चकत्या, हुक आणि सुईची पद्धत (सुईची लांबी आणि दांडी ठरवणारा प्रकार) जाड दोऱ्यासाठी बनलेली नसते.

सिंगर १११डब्ल्यू१५५, जुकी एलयू-५६३ आणि डीएनयू-१५४१, कॉन्स्यू २०६आरबी, फाफ १२४५ आणि त्यांच्या नकला एकाच वर्गात येतात. यात साधारण १४० ते १६० नंबरची (मेट्रिक) सुई आणि टेक्स १३५ चा (टेक्स हे दोऱ्याच्या जाडीचे माप, आकडा मोठा तितका दोरा जाड) बाँडेड, म्हणजे लेप देऊन पीळ बांधलेला, नायलॉन किंवा पॉलिएस्टर दोरा आरामात चालतो. वर टेक्स २१० ओढूनताणून चालवता येतो. खरी जाडी ८ ते १० मिमी धरा. फूट १६ मिमी उचलतो म्हणजे १६ मिमी शिवते असे नाही. ती उंची माल आत सरकवण्यासाठी असते. चालणाऱ्या फुटांनाही त्यातली काही उंची लागते, आणि सुईचा दांडा वर गेल्यावर सुईचे टोक मालाबाहेर यायला हवे.

पट्टे अधूनमधूनच असतील आणि दोन थर मिळून ६-७ मिमी होत असतील तर हा वर्ग पुरतो. जाड पट्टे, खोगीर, टेक्स २७० दोरा हे रोजचे काम असेल तर जुकी टीएससी-४४१ किंवा अॅडलर २०५ यांच्या वर्गातले जड सिलिंडर आर्म (सपाट बेडऐवजी नळीसारखा हात असलेले) मशीन लागते. ते पाकिटाला मात्र धोपटून काढते, म्हणून एकाच मशीनवर दोन्ही कामे काढायचा हट्ट करू नका. चपला-बूट दुरुस्तीचे सिंगर २९के हे पॅचर स्वस्तात दिसते. त्याला खाली दाते नसतात, फूटच माल ओढतो आणि कोणत्याही दिशेला वळतो. बॉबिन चिमुकली असते. दुरुस्तीला उत्तम, पण लांब सरळ टिपेला टाक्यांची लांबी सारखी राहत नाही.

१११डब्ल्यू१५५ बद्दल एक सूचना: त्याला उलटी टीप नाही. टाक्याची लांबी बेडवरचे बटण दाबून चाक फिरवून बदलतात. ते बिघडलेले समजून कुणी सोडून देतो, तर कुणी ‘रिव्हर्स जाम आहे, होईल’ असे सांगून विकतो.

बघायला जाताना

तुमच्या कामाचेच चामडे घ्या, दोन जाड्यांचे. तुमचा दोरा भरलेली रीळ, त्या मशीनच्या पद्धतीच्या कोऱ्या सुया, टॉर्च, भिंग, दोन स्क्रू ड्रायव्हर, स्टीलची पट्टी, थोडा कडक पुठ्ठा आणि पांढरे फडके. सुईची पद्धत आधी विचारून ठेवा. या वर्गात बहुतेक १३५x१६ (चामड्याचे टोक) किंवा १३५x१७ (कापडाचे गोल टोक) लागते, फाफ आणि अॅडलरमध्ये १३४-३५. विकणाऱ्याने लावलेली सुई, त्याचा दोरा आणि त्याचा चार घड्यांचा कॅनव्हास यावर काहीच ठरवू नका. कॅनव्हासवर जवळजवळ कोणतेही मशीन सुरेख शिवते.

मशीन आधीच गरम, तेलाने न्हालेले आणि चालू असेल तर विचारा, की मघाशी कशासाठी चालवले? थंड मशीनचा पहिला फेरा जास्त खरे सांगतो.

मोटर बंद, पट्टा काढून

पहिली तपासणी विजेशिवाय. प्लग काढा आणि मोटरचा पट्टा हातचाकावरून उतरवा. क्लच मोटर (सतत फिरणारी, पायडल दाबले की मशीनला जोडली जाणारी) स्विच बंद केल्यावरही काही सेकंद फिरत असते. तेवढ्यात पायडलवर पाय पडला तर मशीन चालते आणि बोट सुईखाली असेल तर शिवले जाते. म्हणून पट्टा उतरवल्याशिवाय हात घालू नका.

आता चाक हळूहळू स्वतःकडे फिरवा, दहा-बारा फेरे. सगळ्या फेऱ्यात सारखे जड लागत असेल तर बहुधा तेल वाळून चिकट झाले आहे. पिवळा-तपकिरी, वार्निशसारखा थर दिसेल. पातळ मशीन तेल आणि थोडे रॉकेल घालून, फिरवत राहून, एक रात्र ठेवून तो निघतो. दर फेऱ्याला एकाच जागी अडत असेल तर कारण यांत्रिक असते: वाकलेला शाफ्ट, हुकमध्ये अडकलेला दोऱ्याचा तुकडा, प्लेटला घासणारे दाते किंवा चुकीचे जोडलेले टायमिंग (सुई आणि हुक यांच्या वेळेचा मेळ). कुठे अडते ते पाहा. सुई तळाशी असताना की दाते वर येताना, यावरून कारण शोधायला सोपे जाते. लाल-तपकिरी चूर्ण मात्र गंज असतो. सुईच्या दांड्यावर किंवा फुटाच्या दांड्यावर गंजाचे खड्डे असतील तर ते बुश खात राहतात, आणि घासून काढले तर दांडा बारीक होतो.

पुढची तपासणी सगळ्यात महत्त्वाची. फूट उचला, सुईचा दांडा अगदी खाली आणा, अंगठा आणि तर्जनीत धरून हलवा. आधी शिवण्याच्या दिशेने, पुढेमागे. कंपाउंड फीडमध्ये दांडा झुलणाऱ्या चौकटीत असतो, त्यामुळे या दिशेला किंचित हालचाल जाणवली तरी चालते. मग आडवे हलवा, हुककडे आणि हुकपासून दूर. इथे हालचाल जेमतेम जाणवावी, डोळ्यांना दिसता कामा नये. कारण साधे आहे: हुकचे टोक सुईच्या मागच्या खाचेपासून ०.०५ ते ०.१ मिमी अंतरावरून जायला हवे. दांडा आडवा ०.३ मिमी डुलत असेल तर हे अंतर कुठेही लावा, ते टिकत नाही. पातळ मालावर टाके बरोबर पडतात. जाड, कडक चामड्यात सुई बाजूला ढकलली जाते आणि एक तर टाका सुटतो, नाहीतर हुक सुईला लागतो. बुश बदलता येतात, पण ते काम घरी बसून होत नाही, आणि चौकटच झिजली असेल तर सुटा भाग शोधण्यापासून सुरुवात होते. इथे ढळढळीत खेळ दिसला तर पुढचे तपासायची गरज नाही.

हातचाक धरून आतबाहेर ओढा, मग वरखाली दाबा. शाफ्ट आतबाहेर सरकत असेल तर बहुतेक वेळा कॉलर घट्ट करून भागते. वरखाली हलला तर मुख्य बेअरिंग किंवा बुश गेला आहे.

मग मशीनचे डोके मागे कलंडवा. डोके ठेवायचा खुंटा जागेवर आहे ना ते आधी बघा, नाहीतर बिजागरीवरून डोके निसटते. टॉर्चने खालचा दातेरी पट्टा पाहा. या वर्गातल्या बऱ्याच मशीनमध्ये वरचा आणि खालचा शाफ्ट याच पट्ट्याने जोडलेले असतात. तेल पिऊन फुगलेला, कडा फाटलेला, दात तुटलेला पट्टा बदलावा लागतो, आणि बदलल्यावर टायमिंग नव्याने लावावे लागते. तो एक दात सरकला तरी मशीन शिवत नाही, आणि मग ‘मशीन मेले’ म्हणून विकले जाते.

आता एका हाताने हुक अलगद धरून ठेवा आणि दुसऱ्या हाताने चाक इवलेसे पुढेमागे करा. चाक हलले की हुकने लगेच उत्तर द्यायला हवे. मध्ये मोकळी हालचाल असेल, चाक केसभर नव्हे तर चांगले बोटाच्या पेरभर फिरून मग हुक हलत असेल, तर खालच्या गिअरमध्ये खेळ आहे. गिअर थोडे जवळ आणून तो कमी होतो. दात धारदार होईपर्यंत झिजले असतील तर होत नाही. भिंगातून दातांचा आकार पाहा. झिजलेला दात एका बाजूने चाकूसारखा दिसतो.

एक हमखास फसवणारी अवस्था: चाक फिरते, सुई वरखाली होते, पण हुक जागचा हलत नाही. बघणारा घाबरतो. एलयू-५६३, २०६आरबी अशा मशीनमध्ये खालच्या शाफ्टवर सेफ्टी क्लच असतो. दोरा अडकून हुक जाम झाला की तो सुटतो आणि हुक तुटण्यापासून वाचतो. बेडवरचे बटण दाबून धरून चाक जोरात फिरवले की टक् आवाज होऊन क्लच परत बसतो. बसल्यावर टायमिंगही जागेवर येते. बसून परत परत सुटत असेल तर स्प्रिंग सैल आहे किंवा क्लच झिजला आहे. विकणाऱ्याला हे माहीत नसेल तर भाव करायला ती चांगली जागा आहे.

डोके उघडेच आहे तोवर ओतीव बॉडी पाहा. बिजागरीच्या खाचा, बेडचे कोपरे, आर्म बेडला मिळतो तो सांधा. पडलेल्या मशीनला तिथेच तडा जातो. ताजा रंग एकाच जागी दिसला, किंवा पितळी सांधकामाची पिवळी रेघ दिसली, की पडल्याची खूण समजा. मग स्क्रूंची डोकी पाहा. हुक, दाते आणि सुईच्या दांड्याभोवतीचे स्क्रू चावल्यासारखे दिसत असतील तर कुणीतरी चुकीच्या स्क्रू ड्रायव्हरने टायमिंगशी खेळ केलेला आहे. तेवढ्याने मशीन बाद होत नाही. पण कोणता स्क्रू कुठवर फिरवलेला आहे हे कळत नसल्यामुळे सगळे पहिल्यापासून लावावे लागणार हे धरून चाला.

हुक

प्लेट आणि बॉबिन केस काढा. हुकचे टोक भिंगाखाली आणा. ते टोकदार असावे, पण सुईने ठोकर खाल्लेले नसावे. ठोकर खाल्लेले टोक चपटे चमकते, आणि नखावरून ओढले तर ओरखडा काढते. बारीक ऑइल स्टोनने किरकोळ बोथटपणा जातो. पण घासताना टोक आखूड होते, म्हणजे हुक सुईपाशी उशिरा पोचतो आणि टायमिंग परत लावावे लागते. आधीच कुणी दोन-तीनदा घासलेले असेल तर नवा हुक मोजून ठेवा. सूती दोऱ्याचा मोकळा तुकडा हुकच्या सगळ्या कडांवरून फिरवा. जिथे तंतू अडकतो तिथे काटा आहे. बाँडेड दोरा सोलला जाऊन पांढरा पिसारा निघतो तो बहुतेक वेळा अशाच एखाद्या काट्यामुळे.

हुकच्या पाठीला सुईचा राखणदार असतो, तो सुईला टोकापासून किंचित दूर ठेवतो. त्यावर खोल चर पडला असेल तर बरीच वर्षे वाकड्या सुयांनी किंवा चुकीच्या अंतराने काम झालेले आहे.

बॉबिनची टोपली ज्या खाचेत थांबते तिथे दोरा निघून जाईल एवढी फट हवी. प्रत्येक फेऱ्यात ओपनरचे छोटे बोट टोपलीला क्षणभर मागे ढकलून ही फट उघडते. ओपनर सैल किंवा चुकीच्या वेळी चालत असेल तर जाड दोरा तिथे अडकतो, प्रत्येक टाक्याला ‘टक्’ ऐकू येते आणि वरचे टेन्शन कितीही बदलले तरी टाका सारखा बसत नाही. लोक टेन्शन पिळत बसतात. बघायचे असते तिथे.

टायमिंग हाताने तपासता येते. सुई सगळ्यात खाली आणा, मग चाक फिरवून साधारण २ ते २.५ मिमी वर येऊ द्या (नेमका आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो). त्या क्षणी हुकचे टोक सुईच्या मध्यावर, भोकाच्या वरच्या कडेपासून दीड-दोन मिमी वर असायला हवे. पण त्याआधी सुई नीट बसवली आहे का ते बघा. या सुयांची दांडी गोल असते, तिला घरगुती सुईसारखी चपटी बाजू नसते, त्यामुळे ती कोणत्याही कोनात बसते. लांब खोबण दोरा आत शिरतो त्या बाजूला आणि छोटी खाच हुककडे हवी. ‘टायमिंग गेलेले’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मशीनमध्ये सुई वाकडी बसवलेली किंवा चुकीच्या पद्धतीची असणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. पद्धत चुकली की सुईची लांबी वेगळी होते आणि भोक हुकपाशी येतच नाही.

पुठ्ठ्यावर, दोऱ्याशिवाय

आता मोटर न लावता पुठ्ठ्यावर शिवा, दोरा न घालता, हाताने. टाक्याची लांबी ५ मिमी ठेवा, अकरा भोके पाडा. पहिल्या भोकापासून अकराव्यापर्यंत पट्टी लावा: दहा टाके, म्हणजे ५० मिमी यायला हवेत. दोन मिमी इकडेतिकडे झाले तर टाक्याच्या लांबीच्या तबकडीवरचा आकडा चुकलेला आहे, त्याचे काही नाही. बघायचे ते हे की दहाही अंतरे आपसात सारखी आहेत का. एखादे ४.५ आणि पुढचे ५.५ आले तर फीडच्या सांध्यांत खेळ आहे, किंवा लांबी ठरवणारा एक्सेंट्रिक (मध्य सोडून बसवलेली चकती) सैल झाला आहे.

मग उलटीचा खटका दाबून परत त्याच भोकांतून जायचा प्रयत्न करा. उत्तम मशीन जुन्याच भोकांत उतरते. प्रत्येक भोकाशेजारी अर्धा मिमीवर दुसरे भोक पडत असेल तर उलट-सुलट टाक्याची बरोबरी गेली आहे. बऱ्याच मॉडेलमध्ये ती स्क्रूने लावता येते. चामड्यात याला महत्त्व आहे. कापडात चुकीचे भोक मिटते, चामड्यात ते कायम राहते आणि पुढे तिथूनच फाटते.

त्याच वेळी प्लेटच्या भोकात डोकावा. सगळ्यात मोठ्या टाक्याला सुई दात्यांच्या भोकात मधोमध राहते का, की पुढच्या किंवा मागच्या कडेला लागते? सुई आणि दाते बरोबरीने चालायला हवेत. आतला फूट सुईच्या किंचित आधी मालावर टेकायला हवा आणि सुई मालाबाहेर येईपर्यंत उचलता कामा नये. तो लवकर उचलला तर चामडे सुईला चिकटून वर येते, दोऱ्याचा फास तयारच होत नाही आणि टाका सुटतो. दोन्ही फुटांची उचल साधारण सारखी असावी. जाडी चढताना ती कमी-जास्त करायची सोय मागे असते, ती गंजून बसलेली नाही ना ते फिरवून पाहा.

फूट आणि दाते यांवरच्या दातांकडेही लक्ष द्या. कॅनव्हासच्या कारखान्यातून आलेल्या मशीनला खरखरीत दाते असतात आणि ते चामड्यावर शिडीसारखे वळ उठवतात. गुळगुळीत फूट आणि बारीक दात्यांचा सेट मिळतो, पण प्लेट, दाते आणि फूट एकमेकांशी जुळणारे घ्यावे लागतात. तो खर्च धरून बोला.

दोऱ्याची वाट

हे पटकन होते. दोरा ज्या ज्या भोकातून आणि तारेवरून जातो तिथे नख फिरवा. टेक-अप लिव्हरच्या (दोरा वर ओढणाऱ्या, वरखाली होणाऱ्या दांडीच्या) डोळ्यात वर्षानुवर्षे नायलॉनने चर कापलेला असतो. तो बारीक पॉलिश पेपरने किंवा पॉलिशच्या पट्टीने गुळगुळीत होतो, खोल असेल तर भाग बदलायचा. टेन्शनच्या चकत्या उघडून त्यांत चर आहे का पाहा. फूट उचलला की चकत्या सुटल्या पाहिजेत, टेकवला की धरल्या पाहिजेत. चेक स्प्रिंग (टेन्शनपाशी दोरा ताणून धरणारी बारीक तार) दुबळी असेल तर जाड दोऱ्याला खाली लूप राहतात.

मोटर आणि वेग

इथे बहुतेक जण मशीनला दोष देतात, खरा दोष वेगाचा असतो. गणित करा. ५० हर्ट्झवर दोन पोलची क्लच मोटर सुमारे २८५० फेरे घेते. मोटरची पुली ५० मिमी, हातचाकाची १०० मिमी असेल तर मिनिटाला १४२५ टाके. पाच मिमीच्या टाक्याने ते सेकंदाला जवळजवळ १२ सेंटीमीटर होतात. पाकिटाच्या कोपऱ्यावर हे कुणाला झेपणार? चामड्याला मिनिटाला २०० ते ४०० टाके नीट ताब्यात हवेत, आणि एकेक टाका थांबवता यायला हवा.

म्हणून जुनी क्लच मोटर चालू आहे की बंद याला फार वजन देऊ नका. ५५० किंवा ७५० वॉटची सर्व्हो मोटर (जिचा वेग कमी-जास्त करता येतो) लावून घ्यायची तयारी ठेवा. सर्व्होचा वेग खूप कमी केला की जोरही घटतो, आणि जाड चामड्यात सुई अडते. त्यावर उपाय लहान पुली किंवा मध्ये स्पीड रिड्यूसर. ३:१ रिड्यूसरने वेग एक तृतीयांश होतो आणि जोर साधारण तिप्पट. क्लच मोटर ठेवणारच असाल तर पायडल हळू दाबून पाहा. आधी सरपटत सुरू व्हायला हवे. एकदम उसळी घेत असेल तर क्लचचे अस्तर झिजले आहे किंवा तेलकट झाले आहे. ती तीन फेजची आहे की एक फेजची हे पाटीवर वाचा. आणि फिरायची दिशा बघा: बहुतेक मशीनमध्ये चाकाचा वरचा भाग तुमच्याकडे यायला हवा. उलटी फिरली तर दोरा लगेच गुंततो. तीन फेजमध्ये दोन तारा अदलाबदल केल्या की दिशा बदलते.

तेलपंप असलेल्या मशीनची एक अडचण हळू चालवणाऱ्यालाच भोवते: पंप ठराविक वेगाला तेल वर चढवतो. रोज मिनिटाला ३०० टाक्यांनी चालवले तर वरच्या भागाला तेल पोचत नाही. अशा मशीनला हातानेही तेल द्यावे लागते. शिवाय जुन्या सीलमधून तेल सुईच्या दांड्यावरून उतरते आणि फिकट चामड्यावर डाग पडतो. फूट उचलून पांढरे फडके खाली ठेवा, मशीन दोन मिनिटे रिकामे चालवा, आणि फडक्यावर काय पडले ते पाहा. चामड्यासाठी हाताने तेल घालायचे मशीन मिळाले तर ते घ्यावे. दोन थेंब रोज घालणे सोपे, डाग काढणे अवघड.

शेवटी तुमचे चामडे, तुमचा दोरा

कोरी सुई लावा. टेक्स ७० दोऱ्याला १०० ते ११० नंबर, टेक्स ९० ला ११० ते १२०, टेक्स १३५ ला १४०. सुई बारीक पडली तर गाठ चामड्यात ओढली जात नाही आणि ते टेन्शनचा दोष वाटते.

दोन थर जोडून सरळ टीप मारा, मग त्याच तुकड्यावर तिसरा आणि चौथा थर अर्ध्यावर सुरू होईल असा चिकटवून पायरी करा. पायरी चढताना आणि उतरताना हळू जा. टाके सुटणार असतील तर तिथे सुटतात. चढताना टाका आखूड होणे थोडे चालते; पायरीवर अडून एकाच भोकात तीन टाके पडत असतील तर फुटांची उचल वाढवून परत पाहा. कोपऱ्यात सुई खाली ठेवून, फूट उचलून, माल फिरवा. वळल्यानंतरचा पहिला टाका सुटला तर बहुधा सुई तळाशीच होती. किंचित वर येऊन फास धरल्यावर फिरवले की हा दोष जातो आणि तो मशीनचा नव्हे.

तुकडा उलटून खालची बाजू पाहा. गाठ मधल्या थरात लपलेली असावी. वरचे टाके किंचित तिरपे दिसले तर घाबरू नका, एलआर टोकाची सुई तिरपा छेद घेते म्हणून ते तसे बसतात. सरळ रेघेसारखे टाके हवे असतील तर एस टोकाची सुई लावून पाहा.

सुट्या भागांची चौकशी करून ठेवा: हुक, बॉबिन, बॉबिन केस, फुटांचा सेट. बॉबिनचा आकार एकाच वर्गात मॉडेलगणिक बदलतो, म्हणून विकणाऱ्याकडच्या सगळ्या बॉबिन मागून घ्या. टेबल, गुडघ्याने फूट उचलायचा लिफ्टर, दोऱ्याचा स्टँड, पट्ट्याचे झाकण आणि बॉबिन भरायचे यंत्र सोबत आहे ना ते मोजा. हे वेगवेगळे गोळा करायला लागले तर स्वस्त मशीन महाग पडते.

नेताना डोके टेबलावरून काढून वेगळे न्या. तेलाची टाकी आधी रिकामी करा, सुई काढा, फुटाखाली चामड्याचा तुकडा ठेवून फूट टेकवा, आणि डोके हातचाकावर किंवा टेन्शनच्या बाजूवर कधीही आडवे करू नका. पाठीवर, जाड कापडावर निजवा. वाकलेला हातचाकाचा शाफ्ट बहुतेक वेळा कारखान्यात वाकलेला नसतो, गाडीत वाकतो.